फ्रीज नसलेल्या खोलीतला पहिला पावसाळा

नोकरी लागली आणि मी सोलापूरहून चिपळूणजवळच्या एका गावात राहायला आले, ती नेमकी जूनच्या पहिल्या आठवड्यात. खोली भाड्याची, एक गॅसची शेगडी, फ्रीज नाही. आईने कडक भाकऱ्यांचा डबा आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी बांधून दिली होती. "दोन महिने बघायला नको," म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं, सोलापुरात ती भाकरी खरंच दोन महिने टिकते. इथे आठव्या दिवशी भाकरी वाकायला लागली, बाराव्या दिवशी तिच्यावर हिरवट ठिपके दिसले, आणि चटणीचा गोळा होऊन तिला कुबट वास यायला लागला. घरमालकीण काकूंनी डब्यात डोकावून एवढंच म्हटलं, "अगो, ही तुमची घाटावरची हवा नव्हे."

हा लेख त्या एका वाक्याभोवती आहे. 'हा पदार्थ सहा महिने टिकतो' असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठे? सोलापुरात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो, कोकणात ३००० च्या आसपास. एकाच पाककृतीचं आयुष्य या दोन ठिकाणी एकसारखं असूच शकत नाही. शिकायला, परीक्षेच्या तयारीला किंवा बदलीच्या गावी फ्रीजशिवाय राहायची वेळ आली असेल, तर खालच्या पायऱ्या क्रमाने करा. मी त्या क्रमाने केल्या नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी बरंच अन्न टाकलं.

पहिली पायरी: पाणी कुठे आहे ते ओळखा

अन्न बिघडवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला पाणी लागतं. आपल्या आज्यांनी शोधलेल्या सगळ्या युक्त्या म्हणजे ते पाणी त्यांच्या हाती लागू न देण्याचे प्रकार आहेत. पापड-कुरडयांत पाणी उन्हाने काढून टाकलेलं असतं. लोणच्यात आणि मुरांब्यात पाणी असतं, पण मीठ किंवा साखर ते धरून ठेवते आणि जिवाणूच्या वाट्याला येत नाही. आंबटपणा वेगळ्या वाटेने काम करतो: आमसूल, लिंबू, चिंच, कैरी यांच्या आंबटात बहुतेक घातक जिवाणू वाढत नाहीत. तुपात तर मुळात पाणीच उरलेलं नसतं, कढवताना ते उडून जातं आणि बेरी गाळली जाते.

तेलाबद्दल मात्र एक मोठा गैरसमज आहे. तेल काही मारत नाही, फक्त हवा अडवतं. हवा अडवली की बुरशी थांबते, पण हवेशिवाय वाढणारे जिवाणू असतातच. म्हणून सोललेला कच्चा लसूण किंवा ओल्या मिरच्या नुसत्या तेलात बुडवून खोलीत ठेवू नका. बोटुलिझम नावाची जिवावर बेतणारी विषबाधा अशाच कमी आंबट, बिनहवेच्या ओल्या जागेत होते, आणि त्या बरणीला वाईट वास येईलच असं नाही. लोणचं सुरक्षित राहतं ते मीठ आणि आंबटपणामुळे. वरचं तेल हा राखणदार आहे, मालक नव्हे.

दुसरी पायरी: भांडी आणि जागा

अन्न आणण्याआधी डबे आणा. मी उलटं केलं आणि पहिले दोन आठवडे पिशव्यांना रबरबँड लावून काढले.

एका माणसाला पुरेल असं: घट्ट झाकणाचे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे सहा-सात डबे, काचेच्या रुंद तोंडाच्या चार बरण्या, आणि जमलं तर एक लहान चिनी मातीची बरणी. लोणचं, आमसूल, मीठ यांना स्टील-ॲल्युमिनियम नको, काच किंवा चिनी माती. बरणी धुतली की पुसून भागत नाही. उन्हात, आणि ऊन नसेल तर गॅसजवळच्या उबेत, पूर्ण कोरडी होऊ द्या. झाकणाच्या आट्यांमधे थेंब लपून बसतो, तो बघा.

डबे लहान घ्या, हे मला उशिरा कळलं. पाच किलोचा डबा रोज उघडला की रोज पाच किलो सामानाला दमट हवा लागते. मोठा साठा एका डब्यात बंद ठेवायचा, आठवड्यापुरतं लहान डब्यात काढायचं आणि मोठ्याला हात लावायचा नाही. दुपारी, उघडीप असताना काढायचं. पहाटे धुक्यात नाही.

जागा म्हणाल तर बाहेरच्या भिंतीला टेकून काही ठेवायचं नाही. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. जमिनीवर ठेवायचं नाही, खाली पाट किंवा विटा-फळी. गॅसच्या वरची फळी तेलकट होते, पण पावसाळ्यात तीच खोलीतली सगळ्यात कोरडी जागा. काकूंच्या जुन्या घरात चुलीवर माळा होता; सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या सगळं त्यावर. धूर आणि ऊब दोन्ही कामाला यायचे.

तिसरी पायरी: पहिल्या महिन्याचा बाजार

कोकणात पावसाच्या तोंडाला जी खरेदी होते तिला आगोटीची बेगमी म्हणतात. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात आणि मे महिन्याच्या सुमारास मडगावात त्याचं फेस्तही भरतं: सुकी मासळी, मिरच्या, मीठ, सोलं म्हणजे आमसुलं. पूर्वी पावसात वाटा बंद व्हायच्या म्हणून चार महिन्यांचं भरून ठेवावं लागे. तुम्ही चार महिन्यांचं भरू नका. नवख्या माणसाने एका महिन्याचंच आणावं, कारण तुमच्या खोलीत काय सादळतं आणि काय तग धरतं हे अजून तुम्हाला माहीत नाही.

माझी एका माणसाची यादी साधारण अशी होती: तांदूळ ४ किलो, तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा किलो, जाडे पोहे १ किलो, रवा अर्धा किलो, कुळथाचं पीठ अर्धा किलो, मूग-मटकी-चवळी पाव-पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, गूळ अर्धा किलो, आमसूल १०० ग्रॅम, तेल १ लिटर, तूप पाव किलो, कांदे ३ किलो, बटाटे २ किलो, लसूण पाव किलो. ज्वारी आणि गव्हाचं पीठ मात्र दर आठवड्याला एकेक किलो.

पिठाचं कारण असं. धान्य अख्खं असेपर्यंत जिवंत असतं, दळलं की त्यातलं तेल हवेला उघडं पडतं. बाजरीच्या पिठात तेल जास्त, ते आठ-दहा दिवसांत कडू लागायला लागतं. ज्वारीचं पीठ इतक्या लवकर कडू होत नाही पण त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने फाटते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मला महिनाभर तसंच वाटत होतं. ताजं दळून आणल्यावर पहिल्याच भाकरीला पापुद्रा सुटला.

सामान घरी आलं की डब्यात कोंबायचं नाही. रवा कढईत मंद आचेवर कोरडाच भाजून, गार करून भरायचा. भाजलेल्या रव्यात अळी-जाळी लवकर होत नाही. पोहे चाळून दोन मिनिटं गरम करून घ्यायचे. शेंगदाणे निवडायचे, आणि सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा एकही दाणा ठेवायचा नाही. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजून नीटसं जात नाही आणि यकृताला घातक असतं. 'भाजला की चालतं' हे चुकीचं आहे.

तूरडाळीला किलोमागे अर्धा चमचा एरंडेल तेल हाताने चोळून ठेवा, टोके, म्हणजे डाळीतले किडे, लांब राहतात. शिजवताना डाळ धुतली की तेल निघून जातं. तांदळाला एरंडेल नको. त्यात पूर्ण वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका. पूर्ण वाळलेला, कारण ओला पाला टाकणं म्हणजे डब्यात पाणी टाकणं. तांदूळ कडक उन्हातही घालू नका, तडकतो आणि भाताची कणी होते. किडा झालाच तर सावलीत पसरून ठेवा, पाखडा, निवडा. सोंडे दिसले म्हणून तांदूळ फेकणारे लोक मी पाहिलेत, आईने त्यांना घरात घेतलं नसतं.

मीठ आणि गूळ पावसाळ्यात पाघळतात. बारीक मिठाऐवजी जाडं मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवा आणि लागेल तसं कुटा. गूळ चिरून नव्हे, खडाच ठेवा.

चौथी पायरी: ताजी भाजी, पण टिकणारी

फ्रीज नाही म्हणजे भाजी नाही असं नव्हे. बाजारात गेल्यावर पालेभाजीकडे बघून मन विरघळतं, ती त्या दिवसापुरतीच एक जुडी घ्या. बाकीचे पैसे जाड सालीच्या भाज्यांवर खर्च करा: लाल भोपळा अख्खा असेल तर महिनाभर आणि त्याहून जास्त राहतो (कापला की दोन दिवस, म्हणून लहान घ्या), सुरण, कोहळा, रताळी, कच्ची केळी, कोबी चार-पाच दिवस. लिंबं वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून.

कांद्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेक जण फसतात. सगळा कांदा एकसारखा टिकत नाही. रब्बीचा, ज्याला उन्हाळी किंवा गावठी कांदा म्हणतात, तो मार्च-एप्रिलमधे निघतो. त्याची मान बारीक आणि घट्ट मिटलेली असते, साल पक्की असते. नाशिककडचे शेतकरी हाच कांदा कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर शेडमधे, भरून दिवाळीपर्यंत ठेवतात. खरिपाचा लाल कांदा दिसायला चकचकीत, पण त्यात पाणी जास्त, मान जाड, आणि तो काही आठवड्यांत कोंब काढतो किंवा आतून सडतो. जूनमधे साठवायला कांदा घेताना मान दाबून बघा. मऊ लागली तर ठेवा तिथेच. घरी आणल्यावर टोपलीत एक थर, किंवा जाळीच्या पिशवीत टांगून. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला कांदा कोकणात पाच दिवसांत ओरडायला लागतो, त्याच्या वासाने कळतं.

बटाटे कांद्याबरोबर एका टोपलीत नकोत. बटाटे ओल सोडतात, कांदे ती घेतात, आणि दोघंही लवकर जातात. बटाटे अंधारात, पोत्याच्या तुकड्याखाली. हिरवे पडलेले बटाटे कडवट आणि विषारी असतात. हिरवा भाग जाडसर कापून टाका, सगळाच हिरवा असेल तर बटाटा टाका.

आणि कडधान्यं. पाऊस आठ-दहा दिवस उघडला नाही आणि बाजारात काहीच आलं नाही तर मूठभर मटकी भिजवली की दुसऱ्या दिवशी ताजी उसळ तयार. पावसाळ्यात भिजवायला आठ तास पुरे, नंतर निथळून फडक्यात बांधा. मोड आले की त्याच दिवशी संपवा आणि चांगली शिजवा. मोड ठेवायची गोष्ट नाही.

पाचवी पायरी: तीन पदार्थ घरी करा

सगळं एकदम करायला जाऊ नका. हे तीन जमले की रोजच्या जेवणाची काळजी मिटते.

मेतकूट. एक वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीदडाळ, दोन चमचे गहू, एकेक चमचा धने आणि जिरे, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा मेथी, सुंठेचा बोटाएवढा तुकडा, अर्धा चमचा हळद, चिमूट-दोन चिमूट हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडा, मंद आचेवर भाजा. एकत्र भाजलं तर मेथी जळते आणि हरभराडाळ कच्ची राहते. डाळ दाताखाली कुडकुडीत फुटली पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमधे बारीक करा, चाळा, आणि चाळल्यावर पुन्हा तासभर परातीत उघडं ठेवून मग भरा, कारण मिक्सरने पीठ गरम झालेलं असतं. गरम पीठ भरलं की झाकणाच्या आत घाम येतो. इतकी मेहनत त्या घामापायी जाते. मऊ भात, तूप, मीठ आणि दोन चमचे मेतकूट: पावसात आजारी पडलात तर दुसरं काही नको. दमट हवेतही लहान बरणीत दोन महिने चांगलं राहतं.

शेंगदाण्याची चटणी, पण सोलापूरसारखी नाही. आमच्याकडे ती खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटतात आणि कच्चा लसूण घालतात. कोकणातल्या पावसाळ्यात दोन्ही गोष्टी अंगाशी येतात. सुटलेलं तेल लवकर खवट होतं आणि लसणात पाणी असतं. म्हणून अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून सालं काढा. वीस पाकळ्या लसूण काप करून दोन चमचे तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळा, चुरचुरीत तुटला पाहिजे. चार चमचे तिखट, दोन चमचे भाजलेलं जिरं, चवीपुरतं मीठ. मिक्सरमधे थांबत-थांबत, भरडच फिरवा. ही तीन आठवडे राहते. एकदम अर्ध्या किलोची करण्यापेक्षा पाव किलोची दोनदा करा. जवसाची चटणी त्याहून नाजूक, तिचं तेल फारच लवकर खवट होतं, आठ-दहा दिवसांपुरतीच कुटायची. कारळ्याची आणि तिळाची टिकायला या दोन्हींच्या मधली.

लिंबाचं गोड लोणचं. पहिलं लोणचं म्हणून कैरीचं करू नका. कैरीला मोहरीची डाळ, फोडणी, तेल गार होणं, फोडी पुसणं अशी दहा ठिकाणं आहेत जिथे चूक होते. लिंबाला तेलच नाही. अर्धा किलो पातळ सालीची, डाग नसलेली लिंबं धुऊन, पुसून, पंख्याखाली तीन-चार तास कोरडी करा. प्रत्येकी आठ फोडी करा, बिया काढा, त्या कडवटपणा आणतात. १०० ग्रॅम मीठ आणि चमचाभर हळद लावून काचेच्या बरणीत भरा, रोज एकदा हलवा. आठ-पंधरा दिवसांत साल मऊ होते. मग ३०० ग्रॅम साखर आणि हवं तर दोन चमचे तिखट घाला, साखर विरघळेपर्यंत पुन्हा रोज हलवा. बरणीच्या तोंडाला पहिले काही दिवस स्वच्छ फडक्याचा दादरा बांधा, झाकण नंतर. वर्षभर राहतं आणि जसं जुनं होतं तसं काळं आणि चांगलं होतं.

कैरीच्या लोणच्याकडे पुढच्या मे महिन्यात वळा. एक आकडा तेवढा लक्षात ठेवा: किलोभर फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ. 'कमी मिठाचं' लोणचं करायचं असेल तर ते फ्रीजवाल्यांनी करावं.

सहावी पायरी: काकूंकडून उसनं घेतलेलं

देशावरचं टिकवणं म्हणजे ऊन. कोकणाला ते तितकं भरवशाचं मिळत नाही, म्हणून इथल्या लोकांनी मीठ आणि आंबट यांच्यावर जास्त भरवसा टाकला. ही गोष्ट मला आधी कळली असती तर कडक भाकऱ्या आणल्याच नसत्या.

आमसूल घ्या. कोकमाच्या सालींना मीठ लावून, त्याच फळाच्या रसात बुडवून वाळवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. दर वेळी मीठ आणि आंबट आत मुरतं. असं पुट चढवलेलं आमसूल सादळलं, मऊ झालं, तरी बिघडत नाही. बाजारातून घेताना दोन बोटांत दाबून बघा: चिवट, मांसल, काळसर जांभळं हवं. पत्र्यासारखं कडक आणि हलकं असेल तर पुटं कमी दिलीत. आगळ म्हणजे तोच रस भरपूर मिठासकट बाटलीत. आमटीत घालताना वेगळं मीठ टाकायच्या आधी चाखा, मी पहिल्यांदा दोन्ही घातलं होतं.

कुळथाचं पीठ दुसरं. कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून दळलेलं असतं, म्हणजे दळायच्या आधीच पाणी गेलेलं. चार चमचे पीठ, पाणी, तिखट, मीठ, दोन आमसुलं आणि लसणाची फोडणी: दहा मिनिटांत पिठी. वीज गेली, पाऊस थांबत नाही, अंगात काही करायची ताकद नाही, अशा रात्री माझ्याकडे हीच असायची.

खारातल्या कैऱ्या ही तिसरी गोष्ट. लहान, कडक, न खरचटलेल्या कैऱ्या देठासकट धुऊन पुसायच्या. पाणी उकळून गार करायचं आणि त्यात जाडं मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं. त्या पाण्यात कैऱ्या पूर्ण बुडवून वर स्वच्छ दगड किंवा बशी ठेवायची. एक कैरी जरी पाण्याबाहेर डोकं काढून राहिली तरी बुरशी तिथूनच सुरू होते. वापरायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात टाकून खारटपणा काढायचा.

आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, काकू ओल्या लाल मातीत घोळवून वाळवून कोपऱ्यात ठेवायच्या. मला आधी ते गलिच्छ वाटलं. श्रावणात काकूंनी त्या धुऊन, उकडून भाजीत घातल्या तेव्हा वाटणं बंद झालं.

खाणाऱ्यांसाठी सुकी मासळी. जून लागला की समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद होते, तेव्हा बोंबील, जवळा, सोडे यांची खरेदी मेच्या अखेरीस होऊन गेलेली असते. बोंबील वाकवल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे, वाकला तर आत ओल आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून घट्ट डब्यात, आणि तो डबा बाकी सामानापासून दूर. जिथे घरमालक शाकाहारी असतील तिथे ही पायरी सोडा. वास लपत नाही.

सातवी पायरी: जे ठेवायचंच नाही

शिजवलेला भात. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन खायची आपल्याला सवय आहे, आणि थंडीत सोलापुरात ते निभावतं. दमट उकाड्यात नाही. भातात असा एक जिवाणू असतो ज्याची बीजं शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा परतल्याने जात नाही. म्हणून मोजून शिजवा. एका माणसाला पाऊण वाटी तांदूळ. शिजवलेली डाळ, नारळ घातलेली कुठलीही भाजी, पनीर, उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं यांनाही हाच नियम: दोन तासांत पोटात, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर.

ओला नारळ फोडला की त्या दिवसापुरता. वाटणासाठी सुकं खोबरं ठेवा, किसून नव्हे, वाटी अख्खी.

दूध पिशवीचं असेल तर अर्धा लिटरच, आणल्याबरोबर उकळा, संध्याकाळी पुन्हा उकळा, रात्री उरलेलं विरजा. चहापुरतं हवं असेल तर दूध पावडर किंवा न फोडलेला टेट्रापॅक बरा. टेट्रापॅक फोडला की तो साध्या दुधासारखाच नाशवंत.

प्रवासाला निघताना दुधात मळलेल्या दशम्या दीड-दोन दिवस जातात, गूळपोळ्या आठवडाभर. कोकणातून पावसात प्रवास करत असाल तर दशमीचे दोन दिवस एक धरा.

माठाबद्दलही लिहायला हवं. माठात माठ ठेवून मधे ओली वाळू भरायची आणि आतल्यात भाजी ठेवायची, ही युक्ती खूप जण सांगतात. सोलापूरच्या एप्रिलमधे ती झकास चालते, कारण कोरडी हवा पाणी ओढून घेते आणि माठ गार होतो. जुलैत चिपळूणला हवाच पाण्याने भरलेली, ती काय ओढणार? मी करून बघितलं. टोमॅटोला तीन दिवसांत बुरशी आणि वाळूला डास.

आठवी पायरी: बघा, हुंगा, टाका

दर रविवारी दहा मिनिटं. डबे उघडायचे, नाक लावायचं. खवट वास म्हणजे तेल बिघडलंय: चटणी, शेंगदाणे, फरसाण टाका. कुबट वास म्हणजे ओल शिरलीय: बुरशी दिसत नसली तरी पीठ-रवा टाका, भाजून तो वाचत नाही. लोणच्याच्या पृष्ठभागावर पांढरं दिसलं तर बोटाने चोळून बघा. खडा लागला आणि विरघळला तर ते मीठ किंवा साखर आहे, सायीसारखा पापुद्रा निघाला तर बुरशी. वरचा थर काढून खालचं खायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी तो मानत नाही. वरची बुरशी म्हणजे मीठ कमी पडलं किंवा ओला चमचा गेला, आणि ते वरच्याच थरापुरतं राहत नाही. फुगलेला डबाबंद पदार्थ तर उघडूही नका.

ओला चमचा हा माझ्या मते फ्रीज नसलेल्या घरातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. प्रत्येक बरणीला स्वतःचा लाकडी किंवा स्टीलचा चमचा द्या आणि तो बरणीशेजारी कोरडा ठेवा. पाहुणे आले की लोणचं वाटीत काढून द्या, बरणी पुढे करू नका. मैत्रिणी हसल्या तरी चालेल.

नववी पायरी: पुढच्या मार्चसाठी

पहिला पावसाळा निभावला की उन्हाळ्यात वाळवणाची हौस येते. कोकणात होळीपासून मेच्या मध्यापर्यंतच हात धुऊन घ्या, नंतर हवेत ओल चढते. सुरुवात गवारीपासून करा. शेंगा मोडून, उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून निथळा आणि सुती कापडावर एकेरी पसरा, वर पातळ ओढणी. ऊन कलायच्या आधी घरात घ्या, नाहीतर दिवसभर गेलेलं पाणी दवाने रात्रीत परत येतं. तीन-चार दिवसांत शेंग मोडल्यावर आवाज आला पाहिजे. मग लगेच डब्यात नाही: आधी आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवून रोज सकाळी काचेकडे बघायचं. आत धुरकटपणा किंवा एखादा थेंब दिसला तर पुन्हा उन्हात. काच स्वच्छ राहिली तर पावसाळ्यापर्यंत निर्धास्त. पापड, सांडगे, ताकातल्या सांडगी मिरच्या यांनाही हीच बरणीची परीक्षा लावा.

मी दुसऱ्या वर्षी आईला फोन करून सांगितलं की भाकऱ्या पाठवू नकोस, गवार पाठव. तिने दोन किलो वाळवलेली गवार पाठवली आणि सोबत, न विचारता, कडक भाकऱ्यांचा एक डबा. तो पोचला त्याच संध्याकाळी मी काकूंबरोबर बसून पिठीत कुस्करून संपवला.